साकवाची फळी

गुहागरात रस्त्याला लागून घरं आणि घरामागे समुद्रापर्यंत गेलेली लांबट आगरं, अशी जुनी रचना आहे. पुढे जांभ्याच्या चिऱ्यांचं घर, मागे विहीर, माडपोफळीत पाणी फिरवणारे पाट आणि पार टोकाला एखादा मांगर, म्हणजे आगरातली शेड. ज्या घरातलं हे नेट बंद पडल्याचं प्रकरण आहे तिथल्या काकांनी हा मांगर नीट करून पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या. तिसऱ्या खोलीत टेबल, संगणक, बिलांचा प्रिंटर आणि चार कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर ठेवून त्याला 'ऑफिस' म्हणायला सुरुवात केली. इंटरनेटची फायबर मात्र येते पुढच्या घरात. राउटर माजघराच्या दारावर टांगलेला. तिथून मांगर पन्नासेक पावलं, म्हणजे पस्तीस ते चाळीस मीटर.

२०२१च्या दिवाळीत ही सगळी जोडणी मीच केली होती. त्यामुळे पुढे जे चुकलेलं दिसेल त्यातलं निम्मं माझ्या खात्यावर आहे.

एवढ्या अंतराला साधी लॅन केबल पुरते. ती शंभर मीटरपर्यंत चालते. पण त्याच वर्षी वळवाच्या पावसात शेजारच्या आगरातल्या माडावर वीज पडली आणि त्यांच्या पंपाचा स्टार्टर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स असं सगळं एका झटक्यात गेलं. त्यानंतर दोन इमारतींमध्ये तांब्याची तार ओढायला काकांनी साफ नकार दिला. मला ते पटलं होतं. जवळपास वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो आणि तो दाब सापडेल त्या तारेतून धावतो. मग ती तार लॅनची आहे की आणखी कसली, हे तो बघत नाही.

म्हणून तार टाळून वायफायवर काम भागवलं. संगणकाला यूएसबी वायफाय डोंगल, म्हणजे वायफाय पकडणारी छोटी कांडी, लावला, तो एक्स्टेन्शनच्या वायरने खिडकीबाहेर काढला आणि घराकडे तोंड करून ठेवला. संगणकाच्या लॅन पोर्टाला एक छोटा नेटवर्क स्विच, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारी डबी, लावला आणि त्यावर डीव्हीआर आणि प्रिंटर जोडले. मग विंडोजमध्ये डोंगल आणि लॅन पोर्ट दोघांना निवडून त्यांचा नेटवर्क ब्रिज केला, म्हणजे दोन्ही बाजू एकाच नेटवर्कात जोडल्या. ही सोय विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून आहे. अजूनही बऱ्याच जणांना ती ठाऊक नसते.

काकांना मी तेव्हा सांगितलं होतं, हा साकव आहे, ओढ्यावर टाकतात तसला कच्चा पूल. वहाळाच्या या काठाला वायफाय, त्या काठाला तार, मधे संगणक आडवा टाकलाय. काका म्हणाले, "म्हणजे पावसाळ्यात वाहून जाणार." चार पावसाळे टिकला. २०२५च्या नवरात्रात गेला.

डोंगल कशाने मेला

डोंगल काढून बघितला तर यूएसबीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट पूड चढलेली आणि प्लास्टिकच्या सांध्यातून पांढरट मीठ फुटलेलं. समुद्र दोनशे पावलांवर, डोंगल खिडकीबाहेर पागोळ्यांच्या खाली, आणि चार महिने हवेत खारट ओल. मिठातलं क्लोराइड तांब्याला खातं, आणि डोंगलच्या पाटीवरचे तांब्याचे रस्ते केसाएवढे बारीक असतात. चार वर्षं चालला हेच जास्त. किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. पंख्याच्या पात्यांपासून दाराच्या कडीपर्यंत सगळ्यांची हीच गत होते.

लक्षण सोपं होतं. कॅमेरे बाहेरून दिसेनासे झाले, प्रिंटर घरातून छापेना आणि संगणकावर नेट नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलचं नावच येत नव्हतं. दुसऱ्या पोर्टात लावला, दुसऱ्या संगणकाला लावला, कुठेच जिवंत होईना. इथपर्यंत निदानात काही कौशल्य नाही.

नवा डोंगल, दोनदा चिपळूण

मी तेव्हा बाहेरगावी होतो. काकांच्या पुतण्याने चिपळुणातून नवा डोंगल आणला. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. लावला, ड्रायव्हर टाकला, वायफायचं नाव दिसलं, पासवर्ड दिला. "या नेटवर्कला जोडता येत नाही." पुन्हा पासवर्ड, पुन्हा तेच. पोराने ठरवलं की माल खराब आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिपळूण गाठून डोंगल बदलून आणला. दुसराही तसाच वागला तेव्हा मला फोन आला. "दादा, दोन्ही पीस खराब निघाले."

दोन्ही डोंगल धडधाकट होते. राउटरवर मॅक फिल्टर लावलेला होता आणि तोही मीच लावला होता. पाहुणे वायफायचा पासवर्ड एकमेकांना देत सुटायचे, म्हणून काकांनी तसं मागितलं होतं. प्रत्येक नेटवर्क अडॅप्टरला, म्हणजे डोंगल किंवा लॅन पोर्टसारख्या जोडणाऱ्या भागाला, कारखान्यात एक मॅक अ‍ॅड्रेस मिळतो, अंक-अक्षरांच्या सहा जोड्यांचा. फिल्टरच्या यादीत ज्याचा मॅक आहे त्यालाच राउटर आत घेतो. जुन्या डोंगलचा मॅक यादीत होता. नव्याचा कुठून असणार? आणि विंडोजचा संदेश असा मोघम की पासवर्ड चुकला, डोंगल बिघडला की राउटरने दार लावून घेतलं, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

खरं तर मॅक फिल्टर हे काही फार भरवशाचं कुलूप नाही. मॅक अ‍ॅड्रेस हवेत उघडाच फिरतो, जाणत्याला त्याची नक्कल करता येते. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढायला हवं होतं. ते काम या वेळी केलं आणि फिल्टर काढून टाकला.

जोडलंय, पण नेट नाही

मी पोचून फिल्टर काढल्यावर डोंगल वायफायला जोडला गेला, तरी संगणकावर नेट कधी यायचं, कधी नाही. प्रिंटर आणि डीव्हीआर तर मुळीच नाहीत.

नेटवर्क कनेक्शन्सची खिडकी उघडली आणि उलगडा झाला. ब्रिज अजून तिथेच होता. त्याच्यात एकच अडॅप्टर उरला होता, लॅनचा. नवा डोंगल 'वायफाय २' नावाने शेजारी सुटा उभा. म्हणजे एका काठाची फळी निखळलेली, नवी फळी बाजूला टेकवून ठेवलेली, आणि लोक विचारतायत साकव चालत का नाही.

त्यातून दुसरा घोळ झाला होता. अडॅप्टर ब्रिजमध्ये गेला की त्याचा स्वतःचा आयपी, म्हणजे नेटवर्कातला पत्ता, राहत नाही, आयपी ब्रिजचा असतो. ब्रिजला मी हाताने १९२.१६८.१.५० दिला होता आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, म्हणून राउटर. सुट्या डोंगलला राउटरने आपल्या मनाने दुसरा आयपी दिला. आता संगणकाला राउटरकडे जायच्या दोन वाटा दिसत होत्या आणि दोन्ही एकाच नेटवर्कातल्या. विंडोज अशा वेळी वेग बघून वाट निवडतं. लॅनची वाट कागदावर वेगवान, म्हणून ते तिकडे वळायचं. त्या वाटेच्या टोकाला होते फक्त प्रिंटर आणि डीव्हीआर.

आधी जुन्या डोंगलची सावली पुसली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'खाली लपलेली उपकरणं दाखवायला सांगितलं की काढून टाकलेल्या वस्तूही फिकट अक्षरांत दिसतात. तिथून जुना डोंगल अनइन्स्टॉल केला. हे टाळलं तरी चालतं, पण पुढे कधी हाताने आयपी देताना 'हा आयपी दुसऱ्या अडॅप्टरकडे आहे' असं विंडोज सांगतं आणि तो दुसरा अडॅप्टर शोधूनही सापडत नाही. मग 'वायफाय २'वर उजवी क्लिक करून त्याला ब्रिजमध्ये घातलं. पुष्कळ जण या ठिकाणी ब्रिज डिलीट करून नव्याने बांधतात. चालतं तेही, फक्त ब्रिजला दिलेला आयपी त्याच्याबरोबर जातो. तो आधी कागदावर लिहून ठेवावा.

संगणकावर नेट आलं. काकूंनी चहा टाकला. लवकर टाकला.

तीन रकाने

मांगरातल्या संगणकावरून कॅमेरे दिसत होते, बिलही छापलं जात होतं. माजघरात काकांच्या फोनवर मात्र दोन्ही नाहीत. फोन आणि डीव्हीआर एकाच नेटवर्कात, संगणक दोघांशी बोलतोय, पण ते दोघे एकमेकांशी नाही.

ब्रिजला वायफाय मुळात का मानवत नाही ते इथे सांगावं लागेल. नेटवर्कात माहिती छोट्या पाकिटांतून जाते. तारेच्या नेटवर्कात पाकिटावर दोनच नावं असतात, पाठवणारा आणि घेणारा. वायफायवर, राउटर आणि त्याच्याकडे नोंदलेला डोंगल यांच्या पाकिटावर तीन रकाने भरतात. राउटरकडून डोंगलकडे येणाऱ्या पाकिटावर घेणाऱ्याचं नाव, राउटरचं नाव आणि मुळात कोणी पाठवलं त्याचं नाव असतं. घेणारा म्हणजे नोंदलेला डोंगल, बस. 'डोंगलच्या मार्फत डीव्हीआर' असं लिहायला जागाच नाही. उलट दिशेनेही तेच. डीव्हीआरचं पाकीट डोंगलने त्याच्याच नावाने पुढे ढकललं, तर राउटर म्हणतो हा मॅक माझ्याकडे नोंदलेला नाही, आणि टाकून देतो. वायफायच्या मानकात चौथा रकाना आहे, पण तो दोन राउटर एकमेकांना हवेतून जोडताना वापरतात. घरचा राउटर आणि साधा डोंगल तो भरत नाहीत.

विंडोजकडे यावर एक तोडगा आहे, त्याला कंपॅटिबिलिटी मोड म्हणतात. तो चालू असला की ब्रिज डीव्हीआरच्या पाकिटावरचं त्याचं नाव खोडून डोंगलचा मॅक लिहितो. उत्तर डोंगलच्या नावाने आलं की आतला आयपी बघून ते डीव्हीआरकडे पोचवतो. राहणाऱ्यांची पत्रं घरमालकाच्या नावाने यावीत आणि मालकाने आत नेऊन वाटावीत, तसं. जुन्या डोंगलला मी तो चालू केला होता. ही खूण ब्रिजवर नसून ब्रिजमधल्या अडॅप्टरवर असते, म्हणून जुन्याबरोबर गेली. नव्या डोंगलबाबत विंडोजने तो आपणहून लावला नाही.

माऊसने तो लावायची सोय नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. तिथे इंग्रजीत नेटश (netsh), ब्रिज, शो, अ‍ॅडॅप्टर असे चार शब्द ओळीने लिहिले की ब्रिजमधले अडॅप्टर क्रमांकासह येतात आणि प्रत्येकापुढे मोड चालू की बंद ते दिसतं. डोंगलचा क्रमांक बघून, शोच्या जागी सेट लिहून, पुढे तो क्रमांक आणि फोर्सकॉम्पॅटमोड (forcecompatmode), बरोबरचं चिन्ह आणि एनेबल. लॅनच्या अडॅप्टरला हात लावायचा नाही.

काकांच्या फोनवर चारही कॅमेरे आले. तिसऱ्या कॅमेऱ्यात गडग्यावर बसलेलं शेजाऱ्यांचं मांजर होतं.

पुण्यात दिसत नाही

काकांची मुलगी पुण्यात असते. कॅमेरे खरं तर तिच्याचसाठी. आई-वडील दोघंच, आगर मोठं. तिचा फोन आला, "अ‍ॅपवर ऑफलाइनच दाखवतंय."

माजघरात दिसतं, पुण्यात नाही. या पायरीवर माझा सव्वा तास गेला. डीव्हीआरचा गेटवे तपासला, बरोबर. डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, तोही बरोबर. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघितलं, ऑफलाइन. कंपनीचा सर्व्हर बंद असेल म्हणून दुसऱ्या एका घराचं अ‍ॅप उघडलं, ते चालत होतं. शेवटी डीव्हीआरच्या मेनूतल्या नेटवर्क चाचणीतून राउटरला पिंग केलं, म्हणजे हाक मारून बघितली. उत्तर नाही. फोनवरून डीव्हीआरला पिंग केलं, चोख उत्तर. म्हणजे हा गडी घरातल्या सगळ्यांशी बोलत होता, फक्त घरधन्याशी नाही.

तेव्हा २०२२ सालची माझीच एक करामत आठवली. एकदा राउटरने एका पाहुण्याच्या फोनला नेमका डीव्हीआरचा आयपी, १९२.१६८.१.६०, वाटला होता आणि कॅमेरे गेले होते. त्यावर मी राउटरच्या एआरपी यादीत, म्हणजे कोणत्या आयपीचा मॅक कोणता याच्या वहीत, ६०पुढे जो मॅक दिसला त्याला 'बाइंड' करून मोकळा झालो. बाइंड म्हणजे राउटरला ठोकून सांगणं, की या आयपीचा मालक हाच, दुसरं कोणी काही म्हणालं तरी ऐकू नकोस. पण कंपॅटिबिलिटी मोडमुळे राउटरला ६०पुढे दिसत होता डोंगलचा मॅक. डीव्हीआरचा खरा मॅक राउटरने कधी पाहिलाच नव्हता. मी डीव्हीआरला बांधतोय समजून डोंगलला बांधलं होतं.

डोंगल बदलला, पण राउटरच्या वहीत ६०चा मालक तोच मेलेला डोंगल. डीव्हीआरचं पाकीट राउटरकडे जायचं, पण राउटर त्याचं उत्तर खाऱ्या हवेने खाल्लेल्या त्या तुकड्याच्या नावाने पाठवायचा. काकांचा फोन राउटरच्या या वहीत न बघता स्वतः 'साठ कोण?' म्हणून हाक मारतो आणि नवा डोंगल ओ देतो. म्हणून घरात दिसायचं. पुण्याची वाट मात्र राउटरच्या वहीतूनच जाते.

बाइंडिंग काढलं. दोन मिनिटांत पुण्याहून फोन, "दिसलं! आई अंगणात काय करतेय?" पाहुण्याच्या फोनला ६० मिळू नये यावरचा खरा उपाय तेव्हाही सोपा होता. राउटर आपोआप वाटतो ते आयपी १०० ते १९९ एवढेच ठेवायचे आणि हाताने दिलेले त्या बाहेर. आता तसं आहे. राउटरच्या यादीत संगणक, डीव्हीआर आणि प्रिंटर तिघंही एकाच मॅकवर दिसतात. आधी मी ते कधी निरखून बघितलं नव्हतं.

उरलेलं

नवा डोंगल २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ या दोन्ही बँडचा होता आणि संधी मिळाली की ५ गीगाहर्ट्झकडे पळायचा. तो बँड वेगवान खरा, पण जांभ्याची दीड फूट भिंत आणि मधली ओली पोफळबाग त्याला सोसत नाही. ड्रायव्हरच्या अ‍ॅडव्हान्स्ड रकान्यात पसंतीचा बँड २.४ केला. संगणकाच्या यूएसबी ३च्या पोर्टातून नेमका २.४च्या आसपास रेडिओचा गोंगाट निघतो, म्हणून डोंगल मागच्या साध्या पोर्टात, एक्स्टेन्शनवर लांब. पहिल्या रात्री कॅमेरे मधेच गेले. वीज वाचवायला विंडोज डोंगलला झोपवत होतं. पॉवर मॅनेजमेंटमधली ती खूण काढली. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, लाईट आली की संगणक आपोआप सुरू व्हावा, हे आधीपासून होतंच.

डोंगल आता खिडकीच्या आत आहे. काकूंनी काळजीपोटी तो लाडवांच्या स्टीलच्या डब्यात ठेवला होता, झाकणाला वायरपुरती खाच पाडून. सिग्नल अर्थातच शून्य. आता प्लास्टिकच्या डब्यात आहे, सोबत औषधाच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या.

काकांनी विचारलं, "हे असंच ठेवायचं का?" माझं मत नाही असं आहे. कॅमेऱ्यांसाठी एक संगणक चोवीस तास जागा ठेवायचा म्हणजे ५० ते ६० वॅटच्या हिशोबाने महिन्याला चाळीसेक युनिट. त्यात तो विंडोज १०वर, आणि त्याची नेहमीची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबायची होती. कोणी चुकून तो बंद केला की डीव्हीआर आंधळा. चौथा रकाना वापरणारी वायफाय यंत्रांची जोडी, एक घरावर आणि एक मांगरावर, हा एक पर्याय. पण ती पुन्हा बाहेर, पुन्हा मिठात. दुसरा, आणि माझ्या मते खरा, म्हणजे पाटाच्या कडेने पाइपातून फायबर न्यायची. पोलादी तार नसलेली घ्यायची आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन जोडणाऱ्या डब्या, लावायचे. काचेतून वीज धावत नाही, त्यामुळे काकांचा जुना आक्षेपही उरत नाही.

"सुपारी विकली की बघू," काका म्हणाले. तोवर डब्याच्या झाकणावर मार्करने नव्या डोंगलचा मॅक, ब्रिजचा आयपी आणि 'मोड चालू करणे' एवढं लिहून ठेवलंय. पुतण्याने खाली आपल्या अक्षरात भर घातली आहे, 'चिपळूणला जाण्याआधी दादाला फोन.'